गणिताच्या वहीतली पाखरं

संक्रमण शिबिर, नायगाव
९ ऑगस्ट २०२५

चि. अभय यास,
सप्रेम जयभीम वि. वि.

आई बरी आहे, गुडघा सोडून. फोन न करता ताई कागद का खरडतेय, असं वाटेल तुला. फोनवर तू हसून विषय उडवतोस आणि मग मीही हसते. या वेळी मला हसायचं नाही.

काल नम्रताने मोबाइलवर तुझ्या येणाऱ्या पुस्तकाची पानं दाखवली, प्रकाशकाने जाहिरातीला टाकलेली. मामाचं पुस्तक, मामाचं पुस्तक करत पोरगी घरभर नाचत होती. ‘चाळीमागची पाखरं’, चित्रं अभय गमरे. खाली लिहिलंय, लहानपणी खिडकीत बसून पाहिलेल्या पक्ष्यांच्या आठवणीतून. वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. १९९० साली तू पाच वर्षांचा. नाक पुसायची अक्कल नव्हती तुला, पाखरं कुठली बघतोस! कावीळ होऊन अडीच महिने खाटेवर होते ती मी, आणि गणिताच्या वहीत बारा पाखरं काढली तीही मीच. माझ्या जेवणातली हळद बंद केली होती, ती मी हळद्याच्या पिसांना लावली. तुझ्या पुस्तकातही बाराच पाखरं आहेत, आणि पहिला मान तांबटाचा, माझ्या वहीत होता तसाच.

ती वही इतकी वर्षं ट्रंकेत होती. चाळ सोडून इथे आलो, ट्रंक उघडली, तर वही नाही. सामान हलवायला तू होतास. बाकी समजून घे.

उत्तर येईपर्यंत लोभ राखून ठेवला आहे.

तुझी ताई,
माया


गिरगाव
१३ ऑगस्ट २०२५

आदरणीय मायाताईस,
सविनय जयभीम वि. वि.

पाकीट बघून वाटलं विमा कंपनीचं असेल. उघडलं आणि चहा तसाच राहिला. ताई, वही मी घेतलेली नाही. ट्रंक उचलली, टेम्पोत ठेवली, कमरेत चमक भरली, एवढाच माझा तिच्याशी संबंध. आईसमोर बसून सांगायला तयार आहे.

तू आजारपणात चित्रं काढायचीस हे मला अंधुक आठवतं. पण पाखरं माझीही आहेत गं. डोळे मिटले की उंबरावर टुकटुक करणारा तांबट समोर येतो, मिशांसकट. इथे माझ्या खिडकीतून समोरच्यांच्या वाळत घातलेल्या चादरी दिसतात. दोन वर्षं मला काही सुचत नव्हतं, ब्रश धरला की झोप यायची. चाळ पाडणार असं कळलं आणि हात सुटला. बारा म्हणशील, तर वर्षाचे महिने बारा, म्हणून पाखरं बारा.

तू हॉस्पिटलात दिवसभर केसपेपर काढतेस आणि समोरचा प्रत्येक माणूस खोटं वय सांगतोय असं धरून चालतेस. मला त्या रांगेत उभं करू नकोस. पाच सप्टेंबरला पुस्तक छपाईला जातंय, तुला पहिली प्रत द्यायची ठरवली होती.

राग असला तरी माझं ताट वाढत जा.

तुझा,
अभय


नायगाव
१७ ऑगस्ट २०२५

चि. अभय यास,
जयभीम वि. वि.

खोटं वय सांगणाऱ्याला मी दोन प्रश्नांत पकडते. तुझ्यासाठी एकच पुरे. नम्रताला तुझा तांबट मोठा करून दाखवायला लावला. उंबराची तोडलेली फांदी तू डाव्या हाताला काढलीस. आपल्या खिडकीतून ती उजव्या हाताला दिसायची, चाळीतल्या कोणालाही विचार. डावीकडे ती जगात एकाच ठिकाणी होती, माझ्या वहीत. माझी खाट खिडकीच्या भिंतीला टेकलेली, मान वळवायचं त्राण नाही, म्हणून मी सगळं समोरच्या कपाटाच्या आरशात बघून काढलं. आरशात उलटं दिसतं हे अकराव्या वर्षी ध्यानातच आलं नाही. ती चूक माझी आहे. तुझ्या चित्रात कशी आली?

आता लिहूनच टाकते. चित्रकलेच्या कॉलेजचा फॉर्म मीही आणला होता. बाबा गेले, मी नोकरीला लागले, आणि पुढे तू त्या कॉलेजात गेलास. त्याचं मला वाईट वाटलं नाही. खोटं कशाला, वाटलं, पण गिळलं. मलाही हात होता याचा पुरावा म्हणून एक वही उरली होती. तीही तूच न्यावीस? पाच तारखेच्या आत आणून दे, नाहीतर मी तुझ्या प्रकाशकाला सगळं लिहून कळवणार.

आई विचारते, अभय का येत नाही. काम आहे म्हणून सांगितलं.

लोभाचं नंतर बघू.

माया


गिरगाव
२४ ऑगस्ट २०२५

आदरणीय ताईस,
सविनय जयभीम वि. वि.

काल नायगावला आलो होतो, तुला तोंड न दाखवता. चाळीभोवती पत्रे ठोकलेत. वॉचमन दौलतमामा ओळखीचे, त्यांनी आत सोडलं. आपल्या खोलीची दारं-खिडक्या काढून नेल्यात, नुसती भोकं उरलीत. उंबर आहे. फांदी उजवीकडेच आहे. मी तिथे अर्धा तास उभा होतो. डोळे मिटले की फांदी डावीकडे, उघडले की उजवीकडे.

ताई, मी त्या खिडकीत कधी बसलोच नव्हतो. माझी उंची पुरत नव्हती. मी तुझ्या खाटेशी बसायचो, तू एकेक पान दाखवून पाखराचं नाव सांगायचीस. माझं लहानपण म्हणून मी पस्तीस वर्षं जे सांगत आलो, ती तुझी वही होती. वही मी घेतली नाही, हे अजूनही खरं आहे. पण पाखरं घेतली, आणि मला पत्ताही लागला नाही. फार लाज वाटते.

प्रकाशकांना छपाई थांबवायला सांगितलंय. ते भडकले. आता थांबलं तर पुन्हा छापणार नाही म्हणाले. नको छापू देत. आज सकाळी एक चित्र काढलं, ते सोबत पाठवतोय. उशीला टेकून वहीत मान घातलेली, पिवळ्या डोळ्यांची मुलगी. हे मात्र मी स्वतः पाहिलंय.

जमलं तर पदरात घे.

तुझा,
अभय


नायगाव
२८ ऑगस्ट २०२५

चि. अभय यास,
सप्रेम जयभीम वि. वि.

चित्र मिळालं. माझं नाक एवढं मोठं नव्हतं. तरी पाकिटातून चारदा काढून बघितलं आणि रडले.

आईला दाखवलं. ती तोंडाला पदर लावून म्हणाली की वही तिने रद्दीत घातली. सामान आवरताना ट्रंक हलकी करत होती. तिला वाचता येत नाही. वरची पानं चाळली तर नुसती गणितं, तीही लाल फुल्या मारलेली, मधल्या पानांपर्यंत ती पोचलीच नाही. मी तुझ्यावर पेटलेली बघून तिला सांगायचा धीर झाला नाही. तुझी पत्रं मात्र ती नम्रताकडून गुपचूप वाचून घेत होती.

मी तुला चोर ठरवलं, ते चुकलं. मोठ्या बहिणीला माफी मागायची सवय नसते, तेव्हा एवढ्यावर भागव.

वहीचा एव्हाना लगदा झाला असेल. तू ती पाखरं नेली नसतीस, तर आज त्यातलं एकही जगात नसतं. माझ्याच्याने आता कावळासुद्धा निघत नाही, काल कागद घेऊन बसले होते. तेव्हा छपाई थांबवायचं नाटक पुरे. प्रकाशकाच्या हातापाया पड, मी येते हवं तर सोबत. फांदी डावीकडेच राहू दे. पुस्तकावर नावं दोन टाक, आणि माझं आधी टाक, माहेरच्या आडनावाने.

छापील पान डोळ्यांनी बघेपर्यंत माझा विश्वास नाही. लोभ आहेच.

तुझी ताई,
माया कोंडीराम गमरे