‘ऑक्सटेल सॅटर्डे’वरचा माझा आवाज

सोमवार, १ जानेवारी १९९६

नवीन वर्ष. चवळी खाल्ली, पालेभाजी खाल्ली. नशीब आणि पैसा, दोन्हींची सोय झाली.

गेल्या वर्षी अकरा संकल्प केले होते. सगळे तब्येतीचे होते, त्यामुळे तब्येत बिघडली. यंदा एकच: ‘ऑक्सटेल सॅटर्डे’ सीडीवर आणायची.

होझिया लिप्सकॉम्बची रेकॉर्ड. ऑर्गन, गिटार, ड्रम्स. आमच्या नेवार्कच्या ब्लू लँटर्न क्लबमध्ये ऑक्टोबर १९६६ला प्रत्यक्ष लोकांसमोर वाजवलेली. लँटर्नला शनिवारी ऑक्सटेलचा, म्हणजे बैलाच्या शेपटीचा, रस्सा असायचा, म्हणून नाव तसं. त्या काळी ज्याने ज्याने ऑर्गनला नुसता हात लावला त्या सगळ्यांच्या सीड्या निघाल्या. हिची नाही. अन्याय आहे.

माझा यात वैयक्तिक स्वार्थ काही नाही. दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या गाण्यात लिप्सकॉम्ब ऑर्गन अगदी बारीक करतो आणि एक माणूस ओरडतो: वाढ अजून! वाढ! त्यामागोमाग सगळं लँटर्न पेटतं. पाय आपटणं, टाळ्या, बाटल्या. तो माणूस मी आहे, एवढंच.

त्यानंतर एक बाई हसल्याचं ऐकू येतं. ती व्हर्डेल. ती हसली म्हणून मी वळून पाहिलं, आणि वळून पाहिलं म्हणून लग्न झालं.

माझ्या रेकॉर्डवर ती जागा इतक्यांदा वाजलीय की पार झिजली. सुई तिथे आली की टुणकन उडी मारून थेट टाळ्यांवर जाते. मी नाही, व्हर्डेल नाही. सीडी झिजत नाही म्हणतात.

गुरुवार, ४ जानेवारी

कंपनीला पत्र लिहिलं. पाच पानं. लिहिलं की या रेकॉर्डचा प्राण तिच्या श्रोत्यांत आहे. कोणा एका श्रोत्याचं नाव घेतलं नाही. सही मात्र ठळक केली.

व्हर्डेल म्हणाली, अहो मिस्टर पिंकनी, बेसिनखालचा नळ दोन आठवडे गळतोय. म्हटलं, एका वेळी एक काम.

सोमवार, ८ जानेवारी

बर्फ. गाड्या दिसत नाहीत, नुसते उंचवटे. टपाल बंद. कंपनीचं उत्तर यात अडकलेलं असणार.

शनिवार, २० जानेवारी, दुपार

सग्जच्या दुकानात केस कापायला गेलो. तिथेच ‘ऑक्सटेल सॅटर्डे समिती’ स्थापन केली. अध्यक्ष मी. सग्ज उपाध्यक्ष. त्याला विचारलं तेव्हा त्याच्या हातात वस्तरा होता आणि माझी मान पुढे होती, त्यामुळे नाही म्हणायची वेळ खरं तर माझी होती.

सग्ज म्हणाला, पिंक, तीस वर्षं तू बस चालवलीस. स्टॉपची नावं ओरडून ओरडून पलीकडच्या बसमधले लोक उतरवलेस. एवढं ओरडून पोट नाही भरलं? खुर्च्यांवरचे सगळे हसले. लोकांना कलेची कदर नाही.

दहा हजार सह्यांचं लक्ष्य ठेवलं. आजच्या झाल्या सहा. त्यातला एकजण सही केल्यावर विचारत होता, हे पार्किंगच्या विरोधात आहे ना?

शनिवार, ३ फेब्रुवारी

सह्या: चौदा. वेग वाढवायला हवा.

सीडी प्लेअर घेऊन आलो. आधी घर, मग सून. सोबत एक फुकट सीडी मिळाली, धबधब्याच्या आवाजांची. ती लावून पाहिली. खरंच झिजत नाही.

प्रकाशन समारंभात लोक आग्रह करणारच, म्हणून घसा तयार ठेवायचं ठरवलं. रोज सकाळी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या आणि बाथरूममध्ये दहा वेळा ‘वाढ अजून’. तिसऱ्यालाच वरच्या मजल्यावरून कुणीतरी पाइपवर ठोकलं. व्हर्डेल बाहेरून म्हणाली, वाढते, आधी बाहेर तर ये.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

उत्तर आलं! कंपनीची मिस ऑर्लोफ लिहिते की मूळ टेप सुखरूप आहेत, सीडी काढायची इच्छाही आहे; पण लिप्सकॉम्बसाहेबांनी दोनदा नकार दिला, १९८८ला आणि ९३ला. कारण सांगत नाहीत. तुम्ही त्यांच्याच गावचे, बघा बोलून.

म्हणजे सगळं माझ्यावर आलं. यायचंच होतं. लिप्सकॉम्ब हल्ली न्यू गिलियड चर्चमध्ये ऑर्गन वाजवतो. माझा आवाज ऐकला की गळ्यात पडेल. रडेलही कदाचित. रुमाल दोन न्यावेत.

रविवार, १८ फेब्रुवारी

गेलो होतो. रुमाल लागले नाहीत.

प्रार्थना संपल्यावर तो ऑर्गनपाशीच बसला होता. अठ्ठ्याहत्तर वय, सूट कडक, बोटं वाकडी. म्हटलं, ब्रदर लिप्सकॉम्ब, मी एल्बर्ट पिंकनी, समितीचा अध्यक्ष. आणि थांबलो. ओळखायला वेळ दिला. तो माझ्याकडे पाहत राहिला, मग म्हणाला, बसा.

कारण विचारलं. तो म्हणाला, अहो, काढायला माझी काय हरकत? चांगली वाजली होती. पण दुसऱ्या बाजूला एक गाढव ओरडतंय. ते गाढव मला नातवंडांना ऐकवायचं नाही.

मी काय बोललो ते प्रामाणिकपणे लिहितो. मी म्हणालो, असतात हो अशी माणसं.

तो म्हणाला, तुम्ही होतात का त्या रात्री? मी म्हटलं, छे, माझी रात्रपाळी होती.

सोमवार, १९ फेब्रुवारी

रात्रभर विचार केला. काल मी खोटं बोललो नाही, धोरण राखलं. आधी विश्वास मिळवायचा, मग हळूच सांगायचं. शिवाय गाढव म्हणजे मीच कशावरून? त्या रात्री बरेच जण ओरडत होते. पहिला मी होतो, एवढाच फरक.

गुळण्या आज केल्या नाहीत. मीठ संपलंय.

शनिवार, २ मार्च

सग्जला सांगितलं, कारण तो उपाध्यक्ष आहे. चूक झाली. त्याने अख्ख्या दुकानाला सांगितलं. आता आत शिरलो की खुर्चीतले लोक पाइपवर ठोकल्यासारखं ठोकतात आणि म्हणतात, वाढ अजून.

सग्ज म्हणतो, जा आणि सांगून टाक की बाबा, ते गाढव मीच. म्हटलं, योग्य वेळ यायची आहे. तो म्हणाला, तीस वर्षं झाली, आता वेळही पेन्शनीत निघाली.

सह्या: चौदाच. त्यातल्या पार्किंगवाल्याने आपली परत मागितली.

रविवार, १० मार्च

पुन्हा न्यू गिलियड. आज सांगायचंच म्हणून गेलो. लिप्सकॉम्ब चांगल्या मूडमध्ये होता, तळघरात जेवायला घेऊन गेला. तळलेलं चिकन, मॅकरोनी, पालेभाजी. वाढणाऱ्या बाईंनी विचारलं, अजून वाढू? मला एकदम ठसका लागला. लिप्सकॉम्बने पाठीवर थापा मारल्या. प्रेमळ माणूस आहे.

अशा माणसाचा दिवस खराब करणं बरोबर नव्हतं. पुढच्या वेळी.

बुधवार, २० मार्च

मिस ऑर्लोफचा फोन. कपाटात आणखी एक टेप सापडली. लिप्सकॉम्बने दोन रात्री वाजवलं होतं, शुक्रवार आणि शनिवार. छापली शनिवारची, कारण तेव्हाच्या निर्मात्याला ते ओरडणं फार आवडलं. म्हणजे पाहा! त्या काळी जाणकार माणसं होती.

शुक्रवारी मी खरंच रात्रपाळीला होतो. म्हणजे त्या पहिल्या रविवारचं माझं बोलणं एका अर्थी खरंच होतं, फक्त वार चुकला.

तिला स्वतःला शनिवारच हवाय. म्हणाली, तुमच्या समितीने शनिवारसाठी पत्र दिलं तर मी त्यांना पटवीन. पत्र लगेच लिहायला घेतलं. समितीचं एकमत होतं, कारण मी एकटाच जागा होतो.

रविवार, २४ मार्च, संध्याकाळ

पत्र खिशात घेऊन गेलो होतो.

लिप्सकॉम्बला दोन्ही टेपांचं कळलं होतं. तो म्हणाला, मिस्टर पिंकनी, माझं मन शुक्रवारकडे ओढतं, कंपनीच्या त्या पोरीचं शनिवारकडे. तुम्ही दोन्ही रात्री नव्हतात, तुमचा कुणाशी संबंध नाही. तुम्ही म्हणाल ती रात्र. मी सही करीन.

मी पत्राला हात घातला.

तेवढ्यात तो म्हणाला, त्या आठवड्यात मी आईला पुरलं होतं. ती भांडी घासताना एक चर्चचं गाणं गुणगुणायची, शब्द येत नसत तिला पुरते. शेवटच्या गाण्यात मी सगळं थांबवून तेवढंच वाजवलं, तिच्यासारखं, बारीक. शुक्रवारी वाजलं. शनिवारीही वाजलं, पण ते मी एकट्यानेच ऐकलं.

आणि वाट पाहत बसला, बोटं ऑर्गनवर ठेवून, न दाबता.

तोंडातून ‘शुक्रवार’ निघालं. माझं तोंड आयुष्यात पहिल्यांदा माझ्या विरोधात गेलं. तो म्हणाला, नक्की? म्हटलं, नक्की. मग घाईघाईने हातात हात दिला आणि बाहेर पडलो. बसस्टॉपवर उभा राहिलो आणि दोन बस सोडल्या. फार वाईट वाटत होतं. कोणासाठी ते नीट कळलं नाही.

व्हर्डेलला सांगितलं की निर्णय तांत्रिक कारणांनी झाला.

सोमवार, २५ मार्च

शांतपणे पाहिलं तर ही खेळी आहे. आधी शुक्रवारची सीडी खपेल. मग लोक म्हणतील, शनिवारी काय झालं होतं? मग शनिवारची निघेल. तीच मुख्य ठरेल.

शिवाय रेकॉर्डचं नाव ‘ऑक्सटेल सॅटर्डे’ आणि आत शुक्रवार. लोक कंपनीला जाब विचारतील. आपण फक्त थांबायचं.

व्हर्डेलला शेवटी खरं काय ते सांगितलं. म्हटलं, तुझं हसणंही गेलं गं. ती म्हणाली, जाऊ दे, मी तुलाच हसत होते. आणि नळाचं काय झालं?

गुरुवार, ४ जुलै

अंगणात मटण भाजलं. सग्ज सहकुटुंब आला. म्हणाला, अध्यक्ष, समितीचा अहवाल द्या. दिला. म्हटलं, सीडी ऑक्टोबरात येतेय, आणि आतल्या पुस्तिकेत माझे आभार छापतायत, मिस ऑर्लोफने नाव कसं लिहायचं ते विचारून घेतलं. मजकूर लिप्सकॉम्ब स्वतः देणार आहे.

सग्जने स्वतः उठून मला खुर्ची दिली. ही वर्षातली पहिली वेळ. सग्जची बायको म्हणाली, छापून येणार म्हणजे मोठंच आहे. मी म्हटलं, छे, त्यात काय. आणखी एक तुकडा घेतला.

तब्येतीचे संकल्प पुढच्या वर्षी.

सोमवार, ७ ऑक्टोबर

अजून आली नाही. पोस्टमनला आज तिसऱ्यांदा विचारलं. आभारात ‘ज्यांच्या अथक परिश्रमांशिवाय’ असं असेल की ‘ज्यांच्या दूरदृष्टीमुळे’? दोन्ही चालेल. चौकटीसाठी भिंतीवर जागा मोजून खिळा ठोकला. खिळ्याने पाइप फुटला. आता गळणारे दोन झाले.

शनिवार, १२ ऑक्टोबर, दुपार

आली.

प्लास्टिक दातांनी फाडलं. सीडी बाजूला ठेवली, आधी पुस्तिका. शेवटच्या पानावर तळाशी, मुंगीच्या अक्षरात. चष्मा सापडेना म्हणून व्हर्डेलला वाचायला दिलं. ती मोठ्याने वाचू लागली: श्री. एल्बर्ट पिंकनी यांचे मनःपूर्वक आभार. मी उभा राहिलो. म्हटलं, पुढे? पुढे होतं: शुक्रवारी ते आले नव्हते.

म्हणजे त्याला माहीत होतं. पहिल्या रविवारी मी ‘ब्रदर लिप्सकॉम्ब’ म्हणालो तेव्हाच कळलं असणार. तो कानाचा माणूस आहे. शुक्रवार की शनिवार हेही त्याने मला ओळखूनच विचारलं.

व्हर्डेल हसायला लागली. खुर्चीत बसून, पदर नसताना तोंडाला एप्रन लावून हसली. रेकॉर्डवरचं तेच हसणं. तीस वर्षांत सुईने झिजवलं नव्हतं ते.

मग सीडी लावली. शेवटचं गाणं. लिप्सकॉम्बने ऑर्गन बारीक केला. माझा श्वास सवयीने भरला. तोंड उघडलं. आणि ऑर्गनमधून त्याची आई गुणगुणायला लागली, भांडी घासत, शब्द अर्धवट. जेमतेम अर्धं मिनिट. लँटर्नमध्ये दोनशे माणसं होती, एक ग्लास वाजला नाही. मी तोंड मिटलं.

तीस वर्षं मी ती रेकॉर्ड वाजवतोय. ही जागा मी आज पहिल्यांदा ऐकली.

व्हर्डेल म्हणाली, मी शुक्रवारीही होते तिथे. मैत्रिणींबरोबर. हे ऐकलं आणि रात्री झोप लागेना. पुन्हा ऐकायला मिळावं म्हणून शनिवारी एकटी आले. पुढचं टेबल धरून बसले. तो तिथपर्यंत आला आणि शेजारचा एक बसड्रायव्हर बोंबलला. इतकी चिडले की हसू आलं.

म्हटलं, कधी बोलली नाहीस. ती म्हणाली, तू कधी गप्प बसलास?

समिती आज बरखास्त केली.

नळ उद्या नक्की. लिप्सकॉम्बलाही उद्याच भेटायचं, प्रार्थनेनंतर, आणि ते गाढव कोण ते त्याला तोंडाने सांगायचं.

व्हर्डेलने विचारलं, पुन्हा लावू? म्हटलं, लाव. मी गप्प बसतो.