आत्याबाई, गणित सुटलं

आत्याबाई, शरणार्थ.

आज माझा प्रबंध मंजूर झाला. घरात पेढे आले, सगळ्यांनी कौतुक केलं. मी मात्र पेढा तसाच ठेवून हे पत्र लिहायला बसले. सासूला कुणी पत्र लिहितं का, तेही ती गेल्यावर! पण हे दुसऱ्या कुणाला सांगू?

आठवतं? लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. साहेब आले, कचेऱ्या आल्या, पाऊस तेवढा आला नाही. नळ कोरडे, गल्लीच्या तोंडाशी टँकर. मी ओसरीवर कागद पसरून बसलेली. तुम्ही विचारलंत, "काय करायलीस गं?"

"धातूच्या पत्र्यावर अणू चिकटले की त्यांच्याभोवती विजेचं क्षेत्र तयार होतं. ते किती, ते काढतेय. पण एका अणूमुळं शेजारचा बदलतो. शेजारचा बदलला की पहिल्याचं पुन्हा काढायचं."

"मग हे सरायचं कवा?"

"हैदराबादला कॉम्प्युटर आहे, तिथं लवकर होईल. पण इथं पाणी कोण..."

"जा तू. पाण्याचं म्या बघते."

तुमचे गुडघे दुखतात हे मला माहीत होतं. तरी गेले.

टँकरपाशी रेटारेटीत तुम्ही पडलात, मांडीचं हाड मोडलं. आणि वर आपल्या लेकालाच, माझ्या नवऱ्याला, दम भरलात, "शैलाला कळवायचं न्हाई. गणित टाकून येईल ती."

का असं केलंत? एक तार आली असती तर मिळेल त्या एसटीनं निघाले असते! निघाले असते ना?

तिकडं मी हरखले होते. गणिताच्या फेऱ्यांमागून फेऱ्या झाल्या आणि शेवटी आकडे हलायचे थांबले. घरी पोचले ती उंबऱ्यातूनच ओरडत, "आत्याबाई, गणित सुटलं!" आत तुम्ही खाटेवर, हाड ताणून धरायला पायाला विटा टांगलेल्या. तशातही हसलात. "सुटलं? बरं झालं बाई."

त्या खाटेवरून तुम्ही उठलाच नाहीत.

आता सुमनला, तुमच्या धाकट्या सुनेला, नांदेडला बी.एड.ला जायचंय. काल भाकरी थापता थापता हळूच म्हणाली, "माझ्यामागं घरचं कोण बघंल, अक्का?"

मी म्हटलं, "मी."

यंदाही टँकरच आहे. घागर मी उचलीन. आणि मला काही झालं, तर तिला लगेच कळवायला लावीन. यायचं की नाही, ते तिचं तिला ठरवू दे.

तुमची थोरली सून,
शैला