युरेनियमचे शेअर आणि तीन मजल्यांचा जिना

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, इस्पितळाच्या एक्स-रे विभागातून निवृत्त झालेली, लग्नाच्या भानगडीत न पडलेली, राहणार तिसरा मजला, जिन्यासमोरचं घर, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे, चष्मा नाकावर आहे आणि हे लिहायला मला कोणी भाग पाडलेलं नाही. मला भाग पाडणारं माणूस अजून जन्माला यायचंय. समोर वकीलबाई बसल्या आहेत. इकडच्या तिकडच्या गोष्टी गाळा, फक्त कलमं लिहा, असं त्या दोनदा म्हणाल्या. मी ऐकलं नाही, हेही नोंदवून ठेवते.

घाई एवढ्यासाठी की परवा मी माझ्याच छातीचा एक्स-रे उजेडावर धरून पाहिला. हृदय असावं त्यापेक्षा मोठं दिसलं. डॉक्टर याला आजार म्हणतात. माझ्या मेहुण्यांना हे कळवू नये, माझं हृदय मोठं आहे यावर त्यांचा विश्वास बसणार नाही.

कलम पहिलं, घर. हे मी माझ्या भाचीला देते, म्हणजे तळमजल्यावर राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीला. ती वीज कंपनीत इंजिनियर आहे आणि वायरला हात लावण्याआधी बटण बंद करणारी आमच्या घराण्यात ती एकटीच. खिडकीतली कप्पी, दोर आणि टोपलीही तिचीच. स्वयंपाकघरातला नळ उलटा फिरतो. तो दुरुस्त करू नये, सवय झाली की बरा वाटतो. बँकेत जे काही आहे त्यातून माझं शेवटचं सगळं उरकावं आणि फार रडारड करू नये.

कलम दुसरं, शिशाचा एप्रन. एक्स-रे काढताना आम्ही अंगावर घालायचो तो. हा मी मेहुण्यांना देते. का देते, ते सांगितल्याशिवाय कलम पुरं होत नाही.

वडील गेल्यावर आम्हा दोघी बहिणींच्या वाट्याला थोडे थोडे पैसे आले. मी म्हटलं, युरेनियमच्या खाणीचे शेअर घेऊ. मी जन्मभर किरणांच्या शेजारी नोकरी केली, इतरांसारखी नावानेच घाबरणारी मी नव्हे. जगाला वीज लागतच जाणार, धुराला सगळे कंटाळलेत, अणुभट्ट्या वाढणार, त्यांना इंधन लागणार आणि खाणी तर मोजक्याच. धाकटी पडदे शिवते. गळ्यातली मापाची टेप बोटाला गुंडाळत तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, ताई म्हणतेय तर घेऊ. एकाच खाणीचे, सारखेच शेअर दोघींनी घेतले. तेव्हा ते कागदावर मिळायचे.

मेहुण्यांना आम्ही बातमीदार म्हणतो, कारण सकाळी ते अख्ख्या घराला पेपर मोठ्याने वाचून दाखवतात, घराची इच्छा असो वा नसो. धाकटीच्या शेअरचे कागद त्यांच्या कपाटात आले आणि बातमीदार त्या खोलीत झोपेनात. कागदातून किरण येतात म्हणे. मी समजावलं की कागदावर नुसती शाई असते, युरेनियम खाणीतच राहतं. पटलं नाही. मग इस्पितळातला किरण मोजायचा बिल्ला मी महिनाभर त्यांच्या कपाटाला लावून ठेवला. बिल्ला तपासून कोरा आला. बातमीदार म्हणाले, बिल्ला इस्पितळाचा, म्हणजे तुमच्याच बाजूचा. शेवटी विभागातला एक टाकाऊ एप्रन मागून आणला, कागद त्यात गुंडाळले, तेव्हा कुठे गृहस्थ घोरायला लागले.

पुढे एका दूरच्या देशात अणुभट्टीला अपघात झाला. लोक धसकले, भट्ट्या बंद झाल्या, खाणींना कुलपं लागली आणि आमचा भाव गडगडला. बातमीदार रोज सकाळी तो भाव सुरात वाचायचे. धाकटीने वर्षभर कान दाबून काढलं आणि एक दिवस कंटाळून सगळे शेअर मातीमोलाने विकून टाकले. एप्रन माझ्याकडे परत आला. मी मात्र विकले नाहीत. लोक म्हणतात मला दूरदृष्टी होती. कसली दूरदृष्टी? बातमीदार विका म्हणत होते, मग मी कशी विकणार?

बरीच वर्षं शेअर नुसते पडून होते. मग जगाची वीज पुरेना. रात्रंदिवस चालणाऱ्या कम्प्युटरच्या मोठाल्या इमारती उभ्या राहिल्या, गाड्या विजेवर धावू लागल्या आणि बंद केलेल्या भट्ट्या पुन्हा पेटवायची भाषा सुरू झाली. पण बंद पडलेली खाण चुटकीसरशी चालू होत नाही. आत पाणी भरलेलं, कामगार पांगलेले, परवाने संपलेले. मागणी खूप आणि माल नाही, त्यामुळे भाव जो चढला तो चढतच गेला. भाचीने माझे कागद कम्प्युटरवर घालून दिले आणि मी रोज सकाळी भाव बघू लागले.

बघितलेला भाव मी जिन्यात उभी राहून वाचायचे. अगदी नेहमीच्या आवाजात. आमच्या जिन्यात आवाज घुमतो, त्याला मी काय करू? बातमीदारांनी वाचलेलं चालतं आणि मी वाचलेलं झोंबतं, हा कुठला न्याय? थोड्याच दिवसांत धाकटी खालच्या पायरीशी आली आणि वर बघून म्हणाली, "ताई, आता मी तुझ्या दारात पाऊल टाकलं तर लोक म्हणतील शेअरसाठी आली. मी येणार नाही."

आणि खरंच आली नाही. जेवणाचा डबा रोज टोपलीतून वर येतो, मीठमसाला अगदी मला हवा तसा असतो, पण शब्द एक नाही. सुरुवातीला मला जिना उतरता येत होता. पण मी थोरली, मी का उतरू? आता उतरावंसं वाटतं, तर गुडघे हलत नाहीत. टोपली ओढताना खिडकीतून मला फक्त तिच्या केसांचा भांग दिसतो, तोही आता पांढरा झालाय. मला तिचा चेहरा बघायचाय. वकीलबाई म्हणतात हे कलमात बसत नाही. बसवा म्हटलं.

असो. एप्रन बातमीदारांनी पेपर वाचताना घालावा. पेपरातून काय काय अंगाला लागतं, हे आम्ही दोघींनी सोसलंय.

कलम तिसरं, शेअर. हे सगळे मी धाकटीला देते, एका अटीवर. माझ्या जिवात जीव आहे तोवर तिने स्वतः वर यावं आणि माझ्यासमोर हो म्हणावं. ती आली नाही, तर माझ्यामागे शेअर विकून या इमारतीला लिफ्ट बसवावी, म्हणजे पुढे कुठल्याही बहिणीला जिन्याचं निमित्त उरणार नाही. लिफ्ट विजेवर चालेल. ती वीज कशापासून झाली, याची चौकशी बातमीदारांनी करू नये.

इथवर लिहून झालं आणि साक्षीदारांचा प्रश्न आला. एक साक्षीदार समोरचे दातांचे डॉक्टर, ते येऊन बसले आहेत. दुसरे औषधांच्या दुकानाचे मालक येणार होते, ते आलेच नाहीत. वकीलबाईंनी जिन्यात जाऊन खाली हाक मारली, कोणी मोकळं आहे का म्हणून. शिवाय हेही बजावलं की मृत्युपत्रातून ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये, झाला तर त्याचा वाटा गेला. आमच्या जिन्यात आवाज घुमतो, हे मी मघाशी लिहिलंच आहे.

थोड्या वेळाने पावलं वाजली. प्रत्येक मजल्यावर थांबत, दम खात. मग दारात धाकटी उभी, गळ्यात मापाची टेप. वकीलबाई ताडकन उठून म्हणाल्या, अहो, तुम्ही नको, तुमचं नुकसान होईल. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, त्यांनाच विचारलं, "सही केली की मला यातलं काही मिळणार नाही, हे नक्की ना?" नक्की म्हटल्यावर ती चपला काढून आत आली. मला हात लावण्याआधी तिने हा कागद उचलला आणि इथवर वाचला. मग माझ्या शेजारी पलंगावर बसली.

"मेल्यावर लिफ्ट कोणाला गं?" ती म्हणाली. "आत्ता बसव, आणि खाली जेवायला ये."

म्हणून कलम तिसरं मी माझ्या हाताने खोडलं आहे. लिफ्टपुरते शेअर भाचीने उद्याच विकावेत, उरतील ते तिने ठेवावेत. उद्या भाव काय आहे, ते कोणी बघू नये आणि जिन्यात तर मुळीच वाचू नये.

ठिकाण: तिसरा मजला, लिफ्ट बसेपर्यंत.
तारीख: धाकटी वर आली ती.
सही: थोरली.

साक्षीदार पहिला: दातांचे डॉक्टर. मृत्युपत्र करणाऱ्या बाई पूर्ण शुद्धीत आहेत. रडत आहेत, पण शुद्धीत आहेत.

साक्षीदार दुसरी: धाकटी. मला यातलं काही मिळत नाही, हे वाचून सही केली आहे. आज टोपली सोडू नये, डबा मी हातात घेऊन आले आहे.