कार्ड आलं, कॉम्प्युटर गेला

जिलाँग, बुधवार

प्रिय नोरीनताई,

धाकट्या भावाचा लांबूनच वाकून नमस्कार (जवळून वाकलो तर उठवायला बायकोला हाक मारावी लागते). समुद्रापलीकडे तुमच्या बर्नीत थंडी कशी आहे? तुझा गुडघा आणि तुझ्या कोंबड्या ठीक असतील असं धरून चालतो. आम्ही मजेत. मी तर विशेषच, कारण कॉम्प्युटर या विषयात आता मला कुणी काही शिकवायचं उरलेलं नाही.

तुला ठाऊकच आहे, ख्रिसमसच्या भांडणापासून आमची टेस माझा फोन उचलत नाही. फक्त शनिवारी आम्ही बापलेक आपापल्या घरून कॉम्प्युटरवर गाड्यांची शर्यत लावतो, तेव्हा "डॅड, ब्रेक मार की! झोपलास काय?" एवढं बोलते. तेवढ्यावर माझा आठवडा निघतो. पण माझा कॉम्प्युटर पडला एका ऑफिसने मोडीत काढलेला. ऐन वळणावर चित्र गोठतं आणि मी झाडात. गेल्या शनिवारी ती म्हणाली, "जाऊ दे डॅड, यात काही मजा नाही." म्हणून नवं ग्राफिक्स कार्ड.

दुकानातली मुलगी म्हणाली, "काका, आधी कॉम्प्युटरचा डबा मोजून या. ऑफिसची मशीनं सडपातळ असतात, मोठं कार्ड बसत नाही." हे मला! उभा जन्म मोटारींची दारं बसवण्यात घालवलेल्या माणसाला! मी नजरेनेच मोजलं आणि सगळ्यात दांडगं कार्ड घेतलं. ते बसलं नाही, पण ती चूक कार्डाची नव्हती, डब्याची होती. मग मी लोखंड कापायचा ग्राइंडर काढला आणि डब्याला खिडकी पाडली. झकास झाली. आत थोडा लोखंडाचा भुसा पडला, तेवढंच. आमची सौ. कोरल कडाडली, "हा घरात झटकलास तर त्याच्याबरोबर तूही बाहेर!" म्हणून डबा फाटकाबाहेरच्या गवतावर ठेवला आणि पानं उडवायचा ब्लोअर आणायला शेडमध्ये गेलो.

आणि आठवडा कोणता? लोकांनी फाटकाबाहेर काढून ठेवलेलं जुनं सामान, म्हणजे जड कचरा, कौन्सिल उचलते तो. (मला कळायला नको? कळत होतं गं, पण दुसऱ्यांच्या कचऱ्यापुरतं. सकाळीच पलीकडच्या गल्लीतून एक छान खुर्ची उचलून आणली होती.) परत येतो तर गवत रिकामं, आणि शेजारचा व्हर्न हात झटकत उभा. "एक जोडपं उघड्या हौद्याची यूट गाडी घेऊन आलं होतं रे. बिचारे विचारत होते, घेऊ का. भगदाड पडलेलं बघून म्हटलं, न्या. मीच हात लावला चढवायला." आता जाब तरी काय विचारणार? बाहेर ठेवलं ते दिलं, हा आपल्याकडचा कायदा, आणि माझी अर्धी बैठकीची खोली त्याच कायद्याने सजली आहे.

तरी काळजी नसावी. कार्ड सुखरूप आहे.

तुझा,
डेस

ता. क. तुझा तो मोठा कॉम्प्युटर, ज्यावर तू नुसते पत्ते खेळतेस, तो शनिवारच्या आत बोटीने धाडशील का? आधी डबा मोज. पट्टीने मोज, नजरेने नको.

आणखी एक. पत्र टाकायचं राहिलं आणि शनिवार येऊन गेला. कॉम्प्युटर कचऱ्यात गेला, शर्यत जमणार नाही, असा टेसला निरोप धाडला, तर तिने आपणहून फोन केला! मी सगळी हकीकत सांगितली, तर ग्राइंडरपाशी हसायला लागली ती व्हर्नपर्यंत येता येता रडायलाच लागली. मग ती बोलत राहिली, मी ऐकत राहिलो, चहा पार गार झाला. फोन ठेवताना म्हणाली, "डॅड, तुझा कॉम्प्युटर येईपर्यंत दर शनिवारी मीच फोन करते."

ताई, तुझा कॉम्प्युटर तुझ्याकडेच राहू दे.