आईने सोडलेली बोंडं

२ नोव्हेंबर २००८, रविवार. जळगाव जामोद. सकाळी ८.
आजपासून रोज पाचला उठणार. (आज आठ वाजले. दिवाळीचा शीण.) जानेवारीत आमच्या कॉलेजात चर्चासत्र: 'माणसाचं जगणं चांगलं कशानं होतं?' सगळ्या विद्याशाखा एका मांडवाखाली. अर्थशास्त्राकडून मी. बीटी कापूस आला, बोंडं वाढली, तरी आपल्या जिल्ह्यातला कास्तकार सुखी काऊन नाही? सरकारी पॅकेजं वाटणाऱ्यांना उमगलं नाही. मी सांगणार.

४ नोव्हेंबर.
पिंपळगाव राजाहून युसूफचा फोन. तिथल्या आमच्या घराला लागून त्याचं शिलाईचं दुकान. बालमित्र, त्यामुळे वेळकाळ पाहत नाही. म्हणे, चाची वेचणीत बोंडं सोडून चालली. समोरचं वेचते, बाजूचं फुटलेलं तसंच. मागच्या साली बी हेच. तू एकदा येऊन तं जाय बे.
चाची म्हणजे माझी आई. एकोणसत्तराव्या वर्षीही आपल्या दोन एकरांत स्वतः वेचते. तिच्या ओळीत मागून पाहिलं तर बोटभर कापूस सापडायचा नाही. रविवारी नक्की जाणार.

९ नोव्हेंबर, रविवार.
गेलो नाही. निबंधाची प्रस्तावना अडली. शकुंतला म्हणाली, बस रोज आहे आणि प्रस्तावना काही पळून जात नाही. प्राध्यापकाची बायको असून संशोधनाची कदर नाही. डोकं दुखलं, दुपारी झोपलो.

२४ नोव्हेंबर.
सापडलं! स्टाफरूममध्ये सहज बोंडांचा विषय काढला. तत्त्वज्ञानाचे सर म्हणाले, ही विरक्ती. मानसशास्त्राच्या मॅडम म्हणाल्या, समाधानी वृद्धत्व. मराठीच्या सरांनी तर डोळे पुसले. पाखरांच्या घरट्यासाठी ठेवत असेल हो माउली! मी अर्थशास्त्र जोडलं: गरजेपुरतं घेऊन थांबणं. चार विद्याशाखा, एक आई. अख्खं प्रकरण उभं राहिलं. नाव 'पुरे म्हणण्याचं सुख'. युसूफ शिंपी माणूस, त्याला यातलं काय कळणार?

७ डिसेंबर, रविवार.
पुन्हा युसूफ. चाची दाराच्या चौकटीवर आदळली, खांदा सुजला. डॉक्टरले दाखव. म्हटलं, आईला फोन दे. आई म्हणाली, काही नाही रे बाबू, वय झालं. तुहं काम सोडून नको येऊ. कसली तक्रार नाही, कसली अपेक्षा नाही. वाक्य जसंच्या तसं प्रकरणाच्या सुरुवातीला घेतलं.
पुढच्या रविवारी जाणार म्हणजे जाणार.

२१ डिसेंबर.
गेलो नाही. शकुंतलेनं दोन दिवस अबोला धरला आहे. बरंच झालं, संदर्भसूची पूर्ण झाली.

१० जानेवारी २००९, शनिवार.
जिंकलं! हॉल गच्च. आईचं प्रकरण वाचून संपताच टाळ्यांचा कडकडाट. अध्यक्ष म्हणाले, अशा आया आहेत म्हणून हा जिल्हा उभा आहे. शाल मिळाली. उद्या आईच्या अंगावर घालणार.

११ जानेवारी. पिंपळगाव राजा.
आई ओसरीवर तूर निवडत होती. मी तिच्या बाजूला जाऊन बसलो. हातभर अंतर. ती निवडतच राहिली. मला वाटलं, रुसली. शाल मांडीवर ठेवली तशी दचकली. कोण हाय, म्हणाली.
मी म्हटलं, मी आहे, सुधाकर.

१२ जानेवारी. खामगाव.
डोळ्यांचे डॉक्टर. काचबिंदू. म्हणाले, यात आधी बाजूचं दिसेनासं होतं. समोरचं शेवटी जातं. गेलेली नजर परत येत नाही. आता थेंब टाकून उरलेलं किती टिकतं ते पाहू, फार आशा ठेवू नका. मागच्या वर्षी आणलं असतं तर बरंच राखता आलं असतं. बाजूचं दिसत नाही हे घरात कोणाच्याच लक्षात आलं नाही का, असं विचारलं त्यांनी.
आलं होतं. मी त्याचं प्रकरण केलं, टाळ्या घेतल्या. डॉक्टरांना म्हटलं, नाही.

१३ जानेवारी.
काल परतीच्या एसटीत आई खिडकीशी होती. मी तोंड फिरवून बसलो. आवाज होऊ दिला नाही, तरी तिनं चाचपत माझा हात धरला. म्हणाली, रडू नको बाबू. मागच्या साली डोळ्याच्या कॅम्पवाल्यानं मले सांगतलं होतं, मोठ्या डॉक्टरले लवकर दाखवा. एकटीनं जाची हिंमत नाही झाली. तुही वाट पाह्यली.
मला राग आला. माझ्या आवाजात आला तो, नको तिथं. म्हटलं, अगं, मग मला सांगायचं होतंस ना!
आईनं माझा हात सोडला नाही. मग म्हणाली, युसूफले फोन लावाले मीच तं सांगत होती.