चूलदेवाच्या कानाला लागलेली निंगनिंग

ती. लानताईस,

शाओशिंगहून धाकट्या वेनचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला थांबला का? (थांबला नसेल तर त्यांनी सिगारेट सोडलेली नाही, हे माझ्या नावाने त्यांना ऐकव.) इथे सगळे धडधाकट आहेत, आणि हाच माझा त्रास आहे.

मुलांना आपले सण कळायला हवेत, नाहीतर ती मोबाइलमध्ये तोंड घालूनच मोठी होतील, म्हणून नववर्षाच्या आधीच सासूबाईंना गावाहून बोलावून घेतलं. सण मुलांना इतके कळले की आता मलाच घरात जपून वावरावं लागतं. सणात वाटी फुटली तर ओरडायचं नाही, ‘वर्षभर शांती’ म्हणायचं, असं आजीने सांगितलं. चार वर्षांच्या दोदोने लगेच शांती आणायला माझ्या लग्नातल्या वाट्या टेबलावरून एकेक करून ढकलल्या. ‘सुख’ हे अक्षर दारावर उलटं लावलं की सुख घरी येतं, हे ऐकून सहा वर्षांच्या निंगनिंगने बापाचा फोटो उलटा लावला, कारण तो घरी उशिरा येतो. (अजून उशिराच येतो. फोटो मी तसाच ठेवलाय.)

मग आला चूलदेवाला निरोप द्यायचा दिवस. तो आपल्याकडे उत्तरेत वर्षाच्या शेवटच्या महिन्यात तेविसाला वर जातो, इथे दक्षिणेत चोविसाला, त्यामुळे मुलांनी दोन्ही दिवस गोड वसूल केलं. सासूबाईंनी त्यांना समजावलं, की शेगडीच्या वर चिकटवलेला हा देव वर्षभर घरातलं सगळं पाहतो आणि स्वर्गात जाऊन सम्राटाला सांगतो; त्याने वाईट सांगू नये म्हणून ओठांना चिकट साखरपाक लावायचा. आता आपली निंगनिंग पडली प्रामाणिक. तिला वाटलं, धुराने देवाचा एक डोळा पुसट झालाय, त्याचं काही पाहायचं राहून गेलं असेल. स्टुलावर चढली, हात जोडले आणि खणखणीत आवाजात सुरू झाली. दोदो कुंडीत शू करतो. बाबा ‘मीटिंग आहे’ सांगून पत्ते खेळतात. आईला आजीचे मासे इतके खारट लागतात की ती तोंड फिरवून पाणी पिते, आणि लानमावशीला फोनवर विचारते, म्हातारी परत कधी जाईल गं.

ताई, मागे सासूबाई साखरपाकाची वाटी घेऊन उभ्या होत्या.

त्यांनी पाकात बोट बुडवलं. ते आधी निंगनिंगच्या ओठांना लावलं. “त्याला लावून आता काय उपयोग,” म्हणाल्या. मग रिवाजाप्रमाणे चित्र जाळून देवाला वर पाठवलं. दुसऱ्या दिवशी मासे आले ते मिठाच्या कणाशिवाय. भाजीही तशीच, सूपही तसंच. हाइशंग (माझा नवरा, म्हणजे त्यांचाच मुलगा) पहिला घास घेऊन ऑफिसला पळाला. त्यानंतर सासूबाईंची पिशवी दाराशी दिसली. विचारलं तर म्हणाल्या, गावाकडे मांजर उपाशी असेल. सणाच्या तोंडावर सासू निघून गेली तर गल्लीत मला तोंड दाखवायला जागा उरली नसती, आणि निंगनिंग तर देवाला परत बोलवा म्हणून रडायला लागली.

“नवीन वर्षापर्यंत तो येत नाही बाळा,” सासूबाई म्हणाल्या.

“मग तोपर्यंत आपल्याला कोणीच बघत नाही?” दोदोने विचारलं. (त्याची नजर कुंडीवर होती.)

सासूबाईंनी जरा विचार केला, मुलांना बाहेर काढलं आणि स्टूल माझ्याकडे सरकवलं. “बस, वेन. तो वर आहे. या स्वयंपाकघराला सध्या कान नाहीत. काय ते बोलून घे.”

मी म्हटलं, “आई, मासे खारट असतात.”

“आणि तुझ्या शेवया? त्यांनी म्हैस बांधता येईल.”

“तुम्ही दोदोला तीन स्वेटर घालता. पडला की त्याला उठता येत नाही.”

“आजारी तरी पडत नाही. तुझा नवरा लहानपणी असाच वाढला.”

“म्हणूनच अजून उठत नाही.”

यावर त्यांना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं. म्हणाल्या, “मी जाणार कधी हे तू बहिणीला विचारलंस. मला इथे झोप लागते का, हे एकदा तरी मला विचारलंस?”

ताई, मी स्टूल त्यांच्याजवळ ओढलं. विचारलं, “लागते का?”

“नाही. ती गादी आहे की मळलेलं पीठ?”

संध्याकाळी हाइशंगला लाकडी फळी आणायला पिटाळलं आणि ती त्यांच्या पलंगावर टाकली. सकाळी पिशवी दारातून परत खोलीत गेलेली होती आणि सूपमध्ये मीठ होतं. जास्तच होतं. मी दोन वाट्या प्यायले.

सर्वांना नमस्कार, आणि भावोजींना वर लिहिलेला निरोप.

तुझी,
वेन

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण राहिलंच. नवा चूलदेव चिकटवायचा आहे आणि इथल्या दुकानात चकचकीत प्लॅस्टिकचे मिळतात. तुमच्या वेइफांगला लाकडी ठशांची चित्रं करतात, त्यातला एक कुरिअरने लगेच पाठव.

ता. क. २. शेजारी बसून सासूबाई सांगतात, एकटा देव पाठवू नकोस, बायको शेजारी असलेला पाठव. वर तोंड उघडायच्या आधी त्याला कोपराने ढोसायला कोणीतरी हवं.