कड्यावरचा बाविसावा

चिरंजीव शालकास भावोजींचे अनेक आशीर्वाद.

तुझा गुडघा कसा आहे? दिवसभर औषधांच्या दुकानात उभं राहायचं आणि स्वतः एक गोळी घ्यायची नाही, हा तुमच्या घराण्याचा हट्ट मला लग्नापासून ठाऊक आहे. त्याच हट्टाची थोरली आवृत्ती, म्हणजे तुझी ताई, परवा बॅग घेऊन तुझ्याकडे आलीच आहे. तिने तुला जे सांगायचं ते सांगितलं असेल, पण कवायतीच्या मास्तरालाही स्वतःची बाजू असते, म्हणून हे पत्र.

तर आम्ही निवृत्त शिक्षक मंडळी सहकुटुंब त्या नदीच्या घळीवरचा कडा बघायला गेलो. कुण्या राजाने म्हणे तिथून शत्रूची होडी हेरली होती. (पाटीवर राजा आहे, होडी आहे, साल पुसलं गेलंय. इतिहासाच्या बाईंनी उभ्याउभ्या तीन सालं सांगितली.) लोखंडी कठडा, आणि त्याच्या पलीकडे एकदम काहीच नाही. नदी इतकी खाली की वाहतेय की नुसती पडून आहे ते कळेना. भर दुपारी एक पाखरू नव्हतं. वारा अंगाला लागत होता, पण झाडाचं पान हलत नव्हतं. मला उगाचच शर्टाचं वरचं बटण लावावंसं वाटलं.

निघताना मी शिट्टी मारून सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि ओळीने नंबर म्हणायला लावलं. एकतीस वर्षांत माझ्या सहलीतून एक पोर मागे राहिलेलं नाही (ताईला विचार, तिला हे ऐकून ऐकून पाठ झालंय). आम्ही बावीस जण. मोजणारा स्वतःला मोजत नाही, म्हणजे आकडा एकवीसवर संपायला हवा. रांगेच्या शेवटी तुझी ताई. ती 'एकवीस' म्हणाली आणि खाली घळीतून कुणीतरी म्हणालं, 'बावीस'.

प्रतिध्वनी म्हणावा, तर प्रतिध्वनी पुढचा आकडा सांगत नाही. गणिताचे सर म्हणाले, तुम्ही स्वतःलाच मोजलंत. म्हणून पुन्हा मोजलं. या वेळी 'बावीस' कठड्यापाशी आलं. तिसऱ्यांदा तुझ्या ताईच्या अगदी कानाशी. खूप दिवसांत कुणी हाक न मारलेल्या माणसाचा आवाज होता तो. ताईचा चेहरा पांढरा पडला. तिने माझ्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून. आणि तिथेच माझ्या जिभेने घात केला. सवयीने बोलून गेलो, 'बावीस नंबर, रेंगाळू नकोस, बसमध्ये चढ!'

सगळे जागेवर बसले, आणि मग बस दाराच्या बाजूने जराशी दबली, मागून कुणी चढावं तशी. ड्रायव्हर उतरून टायर बघून आला. टायर ठणठणीत होते.

आता घरचं. कुलूप लावण्याआधी मी 'एक' म्हणतो, ती 'दोन' म्हणते, ही आमची जुनी थट्टा. सोमवारी भाजी आणायला निघालो, एक झालं, दोन झालं, आणि रिकाम्या स्वयंपाकघरातून अदबीने 'तीन' आलं. मी कुलूप आणि पिशवी दोन्ही खाली ठेवलं. ताई म्हणाली, त्याला होता तिथे सोडून या. मी म्हणालो, आयुष्यात मी कुणाला मागे सोडलेलं नाही. ती म्हणाली, 'मग मला सोडा.' बॅग भरली तरी मी अडवलं नाही. वाटलं, कोपऱ्यावरून परत फिरेल. चुकलो.

बाकी क्षेम. मुलांना पाठ सरळ ठेवून बसायला सांग.

तुझा,
भावोजी

ता. क. : हे पत्र ताईला दाखवू नकोस. दाखवलंसच, तर 'चुकलो' एवढ्या शब्दावर बोट ठेवून दाखव.

आणखी ता. क. : ती गेल्यापासून घरात 'तीन'ही ऐकू येत नाही. माझा अंदाज आहे, तो तिच्या मागोमाग तुझ्याकडे आला. (त्यालाही मास्तरापेक्षा तीच बरी वाटली असणार.) जेवायला बसताना सगळ्यांना नंबर म्हणायला लाव. एक जास्त आला तर घाबरू नकोस, स्वभावाने गरीब आहे. त्याला हळूच सांग, मास्तरांनी बोलावलंय. मी स्वतः त्याला कड्यावर सोडून येतो, मोडू दे एकतीस वर्षांचा लौकिक. मग तिला पाठव. इथे मी 'एक' म्हणतो आणि थांबतो, आणि तो आवाज आला तेव्हा वाटली नव्हती इतकी भीती मला कुणीच काही न बोलण्याची वाटते.